गोबरगॅसचं अनुदान आणि गोठ्याची वही

आमच्याकडं कुणी गोबरगॅस बांधायला काढला की लोक खड्डा बघायच्या आधी विचारतात, ‘अनुदान किती बसतंय?’ उत्तर पाठ करून ठेवावं इतकं सोपं आहे. मी बांधला तेव्हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात १ घनमीटरच्या, म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणाऱ्या, संयंत्राला ९,८०० रुपये, २ ते ४ घनमीटरला १४,३५० आणि ६ घनमीटरला २२,७५०. संडास जोडला तर १,६०० रुपये वर. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा कार्यक्रम जाहीर झाला, आपल्याकडं तो जिल्हा परिषदेचा कृषी विभाग राबवतो. मी २ घनमीटरचा बांधला, १४,३५० घेतले, आणि संयंत्र चालू होऊन दोन वर्षं उलटून गेल्यावर आता वही उघडून बसलोय. पर्यावरणासाठी म्हणून सरकार जे पैसे देतं ते गोठेवाल्याला परवडतात का, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या वहीत आहे. ते ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सरळ निघालं नाही, म्हणून सगळंच मांडतो.

आधी गोठा सांगतो, कारण हिशोब तिथूनच फिरतो. लहानमोठी नऊ जनावरं, सगळी होल्स्टिन संकरित. पाच दुधात, दोन आटलेल्या, दोन कालवडी. दोन्ही वेळचं मिळून सरासरी ६० लिटर दूध. जमीन साडेतीन एकर, प्रवरेच्या पट्ट्यात. त्यातली दीड एकर चाऱ्याला, मुरघासाची मका आणि कडेनं फुले जयवंत गवत. रान उताराचं आहे आणि गोठा वरच्या अंगाला. हा उतार ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. शेण दिवसाला शंभर किलोच्या वर पडतं. त्याचा उकिरडा व्हायचा आणि डाळिंबवाले वर्षाला पाच-सहा ट्रॉल्या भरून न्यायचे, ट्रॉलीला तीन हजार. इकडं खत विकायचं आणि तिकडून १,३५० ची डीएपी खताची गोणी उचलून आणायची, हा आमच्या अख्ख्या वस्तीचा उद्योग.

२०२३ च्या मार्चमध्ये घरगुती सिलिंडर आणखी ५० रुपयांनी वाढून १,१०० च्या वर गेला. आमच्या सात माणसांच्या घरात वर्षाला १४ सिलिंडर लागायचे, शिवाय पाणी तापवायला बंब वेगळा. मी पाठकोऱ्या कागदावर आकडे टाकले. १४ पैकी ११ वाचले तर १२,००० च्या पुढं. गोबरगॅसला खर्च ५० हजारांच्या आसपास, त्यातून अनुदान वजा. तीन-सव्वातीन वर्षांत पैसे फिटतात. नाना, म्हणजे माझे चुलते, कागद बघून एवढंच म्हणाले, “आपल्या गावात आधीच्या किती टाक्या चालू आहेत ते मोजून ये.”

मोजायला फार वेळ लागला नाही. १९८१-८२ पासून देशभर गोबरगॅसची योजना चालली, तेव्हाच्या लोखंडी तरंगत्या टाकीच्या गोबरगॅसचे सांगाडे अजून परसात दिसतात. टाकी गंजून गेलेली, विहिरीत पालापाचोळा. एकाच्यात तर सीताफळ उगवलंय. त्या वेळी गावाला लक्ष्यांक यायचा, मार्चच्या आत बांधून दाखवायचं असायचं. ज्यांच्याकडं दोन बैल आणि एक गाय होती त्यांनाही टाकी मिळाली. बैल गेले, शेण संपलं, टाकी बसली. अनुदान बांधण्याचं होतं, चालवण्याचं नव्हतं. आजही तसंच आहे, आणि माझ्या मते या योजनेतला सगळ्यात मोठा दोष तोच आहे, पण त्याकडं नंतर येतो.

अर्जाचं काम जाचक म्हणावं असं नव्हतं, रेंगाळणारं मात्र होतं. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स, जागेचा फोटो, जनावरं असल्याचा दाखला. दाखल्यासाठी डॉक्टरांनी कानातले पिवळे बिल्ले तपासले. बारा आकडी नंबर मोबाइलवर टाकला की गाय ऑनलाइन दिसायला हवी. एका कालवडीचा बिल्ला गव्हाणीत अडकून तुटला होता, तिला नवा मारून घेतला. मग विस्तार अधिकारी जागा बघायला आले आणि तिथं खरी गंमत सुरू झाली.

ते म्हणाले, “नऊ जनावरं आहेत, ४ घनमीटरचा घ्या. शेण पुरतंय.” शेण पुरत होतं हे खरंच. साधा हिशोब असा की १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजं शेण लागतं, तेवढंच पाणी. ४ घनमीटरला १०० किलो. पण १ घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. ४ घनमीटर रोज काढला तर महिन्याला चार सिलिंडरच्या जवळपास जातो, आणि आमच्या घराला एक सिलिंडर महिनाभराच्या आत-बाहेर पुरायचा. उरलेल्या गॅसचं करायचं काय? वस्तीवर पाइप टाकून विकता येत नाही. अनुदान मात्र २ लाही तेच आणि ४ लाही तेच, १४,३५०. म्हणजे मोठा बांधला की वाढीव २०-२५ हजार पूर्ण आपल्या खिशातले. मी २ वर ठाम राहिलो.

यात एक आणखी बारकावा आहे, तो मला राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या पुतण्यानं समजावला. उकिरड्यावर पसरून वाळणाऱ्या शेणातून मिथेन तसा कमी निघतो, कारण हवा लागते. बंद टाकीत, हवेशिवाय, पाण्यात कालवलेल्या शेणातून तो मुद्दाम तयार केला जातो. आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या मापानं २७-२८ पट तापवणारा. तो जाळला तर ठीक. टाकी मोठी, वापर छोटा, आणि जास्तीचा गॅस स्लरीच्या, म्हणजे गॅस निघून गेलेल्या पातळ शेणाच्या, तोंडातून बुडबुड्यांनी हवेत गेला, तर उकिरडा बरा होता असं म्हणायची वेळ येते. पर्यावरणाच्या नावानं अनुदान घ्यायचं आणि मोजमाप चुकवून उलटाच परिणाम साधायचा, हे ४ घनमीटरवाल्या बऱ्याच घरांत चालू असणार. फॉर्ममध्ये घरात खाणारी माणसं किती, हा रकाना जनावरांच्या रकान्याशेजारीच हवा.

संडास जोडण्याचा विषय घरात निघाला तेव्हा पाच मिनिटांत संपला. आई म्हणाली, “जोड की. पण त्या गॅसवर मी नैवेद्य शिजवायची नाही, आणि तुझ्या मुलींच्या शेवयासुद्धा नाही.” १,६०० रुपये तिथंच सोडले.

बांधकाम एप्रिल अखेर काढलं. दीनबंधू पद्धतीचा, म्हणजे विटांचा घुमट पूर्ण जमिनीखाली, लोखंड जवळपास नाहीच. १९८४ च्या सुमारास ही रचना आली ती लोखंडी टाकीचा खर्च आणि गंज टाळायला. खड्डा दोन हात गेला आणि मुरूम लागला. जेसीबी आत येईना, म्हणून खालचा भाग पहारीनं. गवंडी मात्र बघत राहावा असा होता. घुमटाला आधाराला फळ्या लावत नाही. मध्यात एक खुंटी, तिला दोरी, आणि दोरीच्या मापानं प्रत्येक वीट टेकवत वर जायचं. वीट बसली की माल घट्ट होईपर्यंत तिला एका आकड्यानं मागं ओढून धरायचं, आकड्याला दुसऱ्या टोकाला वीट बांधलेली. असं करत करत वरचं तोंड बंद केलं. आतून तीन थर गिलावा, शेवटी रंगाचा हात, कारण घुमटाला सुईएवढं भोक राहिलं तरी गॅस राहत नाही. “पाणी गळलेलं दिसतं, गॅस गळलेला दिसत नाही,” असं तो म्हणाला आणि माझ्या मुलाला विडी आणायला पिटाळलं. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी त्याच्या माणसांची, तसं कागदावर आहे. आतापर्यंत एकदाच बोलवावं लागलं आणि आला, हे नोंदवतो.

खर्च एकूण ५४,००० झाला. विटा, सिमेंट, क्रश सँड मिळून निम्म्याच्या थोडा वर, गवंड्याचे १२,०००, बाकी खोदाई, पाइप, शेगडी आणि किरकोळ. वाळू परवडलीच नाही.

पहिल्यांदा भरायला दोन टनांच्या आसपास शेण लागलं. घरच्या गोठ्यातलं साठवून ठेवलेलं, वरून शेजाऱ्यांकडून चार-पाच दिवस आणलेलं. तितकंच पाणी. काडीकचरा राहिला की पाइप तुंबतो, म्हणून सगळं हातानं कालवून चाळायचं. आमच्या घरी जेवढं शेण त्या दिवसांत कालवलं तेवढं दिवाळीच्या सारवणालाही कधी लागलं नसेल. पहिला गॅस पेटत नाही, हे सांगून ठेवलं होतं ते बरं. त्यात जळणारा वायू कमी असतो, तो सोडून द्यायचा. नंतर एका संध्याकाळी शेगडीचा निळा गोल लागला आणि आईनं आधी दूध तापवायला ठेवलं.

पाइपात पाणी साठतं ही गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. गॅस ओला असतो, थंड पाइपात त्याचं पाणी होतं आणि खोलगट जागी अडकतं. मग ज्योत धापा टाकल्यासारखी उडते. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागेला नळी आणि कॉक बसवला की आठवड्यातून एकदा पाणी काढलं तरी पुरतं. ज्यांचा गोबरगॅस ‘मध्येच बंद पडला’ अशी तक्रार ऐकू येते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नळीत पाणी असतं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. ऑगस्ट २०२३ तर कोरडाच गेला. शेणाइतकं पाणी म्हणजे रोज ५० लिटर. विहिरीचं पाणी जनावरांना की टाकीला, असा प्रश्न आला तेव्हा गोठा धुतलेलं पाणी आणि गोमूत्र एका हौदात वळवलं आणि तेच शेणात घातलं. जंतुनाशकाचं पाणी तेवढं बाजूला काढावं लागतं, नाहीतर आतले जिवाणू मरतात आणि गॅस बसतो. थंडीत गॅस कमी येतो हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळचा स्वयंपाक होतो, संध्याकाळी सिलिंडर लावावा लागतो. वर्षाचे जे तीन सिलिंडर अजून लागतात त्यांतले दोन थंडीतच.

आता पैसे. अनुदान बांधून झाल्यावर मिळतं, आधी नाही. जागेचे, खड्ड्याचे आणि पेटत्या शेगडीचे फोटो अक्षांश-रेखांशासह काढून नेले, कागद वर गेले. मग वाट. विचारलं की ‘निधी आला की पडतील’. यात त्या कार्यालयातल्या माणसाचा दोष काढावा असं काही नव्हतं, त्याच्याकडंही टाकायला काही नव्हतंच. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात पडले. ते कुठं पडले हे शोधण्यात आणखी दिवस गेले. माझं रोजचं खातं दूध संस्थेशी जोडलेलं, पासबुकही तेच दिलेलं. पण आधारला शेवटचं जोडलेलं खातं वेगळ्याच बँकेत होतं, कधीतरी एका योजनेसाठी उघडलेलं, आणि आधारवरून येणारे पैसे तिथं जातात. कुणाला अर्ज करायचा असेल तर आधी आपलं आधार कोणत्या बँकेला चिकटलंय ते बघा. बाकी कागद नंतर.

सुरुवातीचे ५४,००० पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी उचलले होते. १४,३५० वर एका वर्षाचं व्याज १,७०० च्या वर. म्हणजे हातात आलेलं अनुदान खरं तर साडेबारा हजारांचं. ज्याच्याकडं ५४,००० आधी टाकायची ऐपत आहे त्यालाच ते मिळतं, आणि ज्याच्याकडं ती ऐपत आहे तो अनुदानाशिवायही बांधू शकला असता. हा पेच फक्त गोबरगॅसचा नाही, पण गोबरगॅसमध्ये तो फार उघडा दिसतो.

मधल्या काळात दिल्लीत माझा पाठकोरा कागद बदलला. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी सिलिंडर २०० रुपयांनी स्वस्त झाला, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० नं. एप्रिल २०२५ मध्ये ५० वाढले. म्हणजे तेव्हा ८५० च्या मागंपुढं. ११ सिलिंडर वाचतात हे माझं गणित बरोबर आलं, पण त्यांची किंमत १२,१०० नव्हे, ९,३५० झाली. सव्वातीन वर्षांत फिटणारे पैसे आता सव्वाचारला गेले. सरकारनं एका हातानं गोबरगॅसला १४,३५० दिले आणि दुसऱ्या हातानं त्याचा प्रतिस्पर्धी स्वस्त केला. बायको म्हणते यात रडण्यासारखं काय आहे, सिलिंडर स्वस्त झाला तर आनंदच आहे. तिचंही खरं.

पण ९,३५० हा वहीतला एकच रकाना. त्याच्या समोरचा रकाना शेणाचा. रोजचं ५० किलो शेण टाकीत जातं, वर्षाचं १८ टन. त्याचा उकिरडा झाला असता तर सुकून-कुजून साधारण तीन ट्रॉल्या, म्हणजे नऊ हजार. आधी पाच-सहा ट्रॉल्या विकायचो, आता दोन-तीन. गॅसनं जे कमावलं ते ट्रॉलीत गेलं, जवळजवळ बरोबरी. गोबरगॅसची जाहिरात करणारे हा रकाना भरतच नाहीत, जणू शेण फुकट असतं. तीस वर्षांपूर्वी ते होतं. आता डाळिंब आणि द्राक्षवाल्यांनी शेणाला भाव आणलाय.

बरोबरी झाली म्हणजे फायदा कुठं शोधायचा? स्लरीत. टाकीतून जे बाहेर पडतं त्यात खत सगळं असतं. गॅस होऊन जातो तो कार्बन, नत्र-स्फुरद-पालाश मागं राहतं. आणि इथं तो उतार कामाला येतो. स्लरी चरानं आपोआप खालच्या चाऱ्यात जाते. उचलायची नाही, भरायची नाही. पाणी सोडलं की त्यात मिसळते. मक्याला डीएपी बंद केला, युरिया निम्म्यावर आणला. उकिरड्याच्या खताबरोबर तणाचं बी रानभर जायचं, ते कमी झाल्यानं खुरपणीची एक पाळी वाचली. सगळं धरून चार हजार. मका जोरात आली होती हेही खरं, पण २०२४ चा पाऊस चांगला होता, तिचं श्रेय मी स्लरीच्या नावावर टाकणार नाही.

याच स्लरीचं मोल युरियाच्या भावानं काढलं तेव्हा मी चाट पडलो. वर्षभराच्या स्लरीतला नत्र अंदाजे ३५-४० किलो. तेवढा नत्र युरियाच्या दोन गोण्यांत येतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे वर्षभराची मेहनत, ५३३ रुपये! तीच गोणी सरकारला दोन हजारांच्या वर पडते, हे केंद्रानंच २०२३ मध्ये सांगितलं होतं. युरियावरचं अनुदान इतकं मोठं आहे की त्याच्यासमोर शेणाचं खत गरीब दिसतं. गोबरगॅस परवडत नाही असं म्हणणारा शेतकरी अडाणी नसतो. तो गोणीवरचा भाव वाचून बोलत असतो.

मग मजुरीचा रकाना. यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी तिथं शून्य लिहिलं होतं. बायकोनं वही बघितली आणि विचारलं, “अहो, रोज सकाळी शेण कालवतं कोण? माझी हजेरी कुठंय यात?” रोजचा अर्धा तास धरला तर वर्षाचे १८० तास, म्हणजे २२-२३ दिवसांची मजुरी. आमच्याकडं बाईमाणसाचा रोज ४०० धरला तर पुन्हा नऊ हजार. ते लिहिले की सगळं खातं तोट्यात. माझं म्हणणं असं की शेण आधीही उचलावंच लागायचं, पाटीत भरून उकिरड्यापर्यंत डोक्यावरून न्यावं लागायचं, आणि उकिरडा लांब होता, टाकी गोठ्याला लागून आहे. तिचं म्हणणं, उचलणं वेगळं आणि कोपरापर्यंत हात घालून काड्या काढणं वेगळं. शेवटी कालवायला हँडलचं यंत्र बसवलं, त्याचे २,८०० खर्चात धरले, आणि मजुरीच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं ४,००० लिहिलेत. ते कमी आहेत असं ती अजूनही ऐकवते. मात्र गोबरगॅस बंद करायचा का विचारलं तर नाही म्हणते. भांडी काळी होत नाहीत, गोठ्यात माश्या कमी झाल्या, पाव्हणे अचानक आले तर सिलिंडरची टाकी हलवून बघावी लागत नाही. या गोष्टींना वहीत रकाना नाही.

तर बेरीज अशी. गॅस ९,३५०, खत ४,०००. वजा शेण ९,०००, मजुरी ४,०००. राहिले ३५०. मजुरी सोडली तर ४,३५०. निव्वळ गुंतवणूक ३९,६५०, यंत्र धरून ४२,४५०. घरच्या कष्टाची किंमत शून्य मानली तर दहा वर्षांच्या आसपास फिटणार. अनुदान नसतं तर तेरा. घरच्या बाईच्या कष्टाला मोल लावलं तर या भावात फिटतच नाही, १४,३५० नव्हे, २८,७०० दिले असते तरी.

आणि तुलनेला दुसरं अनुदान घ्या. जुलै २०२४ पासून राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरला ५ रुपये दिले, ऑक्टोबरपासून ७. माझ्या ६० लिटरला ५ रुपयांनी दिवसाचे ३००. गोबरगॅसचं अख्खं अनुदान दुधात दीड महिन्यात यायचं. खड्डा नाही, गवंडी नाही, फक्त बिल्ले आणि संस्थेची यादी. मग गोठेवाला कशाकडं धावणार? त्याला जास्त दूध काढायचे पैसे मिळत होते, म्हणजे जास्त गाई, जास्त शेण. गाईच्या ढेकरातून जो मिथेन जातो तो शेणातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्याला ही टाकी हातही लावत नाही. एकीकडं गाई वाढवायला पैसे, दुसरीकडं शेण सावरायला त्याहून बारीक पैसे.

माझं म्हणणं एवढंच की पर्यावरणाचं काम रोज होतं, तर पैसेही त्याच चालीनं यावेत. युरोपात शेतकऱ्याला अशा कामाचे पैसे बहुतेक वर्षाला मिळतात, काम चालू ठेवलं तर. आपल्याकडं एकदाच, विटांचे. माझ्या टाकीचा पेटत्या शेगडीचा फोटो २०२३ मध्ये काढला, त्यानंतर ती चालू आहे का हे विचारायला कुणी आलेलं नाही. १४,३५० एकदम देण्याऐवजी ७,००० बांधताना आणि पुढं पाच वर्षं चालू टाकीला वर्षाला १,५०० दिले तरी सरकारचा खर्च थोडाफारच वाढतो. ते १,५०० कालवणाऱ्या बाईच्या खात्यात टाकले तर सीताफळ उगवलेल्या टाक्या कमी दिसतील, असा माझा अंदाज.

चालवण्यावर पैसे देणारी एक पद्धत अलीकडं गावात फिरतेय, पण ती सरकारची नाही. पिशवीचा गोबरगॅस, जाड प्लास्टिकचा, जमिनीवर चर काढून ठेवायचा. किंमत निम्म्याहून कमी सांगतात, कारण उरलेला भाग कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे कमी झालेल्या प्रदूषणाचे हक्क विकून, निघतो. त्यांची माणसं येऊन वापर तपासतात, हे मला आवडलं. करारात एक कलम असतं की कमी झालेल्या प्रदूषणाचे हक्क कंपनीचे. गावात आलेल्या माणसाला मी विचारलं, माझ्या टाकीमागं वर्षाला किती टन धरता आणि टनाला काय मिळतं? म्हणाला, ते वर ठरतं. दूध घालताना फॅट आणि एसएनएफची, म्हणजे दुधाच्या दर्जाची, पावती घेतल्याशिवाय आपण कॅन रिकामा करत नाही, मग इथं काटा न बघता सही कशी करायची? भाव सांगणारा कुणी आला तर माझ्या उरलेल्या ५० किलो शेणावर मी बोलायला तयार आहे.

परवा मेहुणे आले होते. चार गाई, रस्त्यापलीकडं घर, रान वरच्या अंगाला, शेण सगळं विकलं जातं. त्यांना कुणीतरी यादीत नाव घालायला सांगितलं होतं. दोघांनी बसून त्यांची वही मांडली. गॅस वाचला असता सात-आठ हजारांचा, ट्रॉल्या गेल्या असत्या नऊ हजारांच्या, आणि स्लरी रानात चढवायला पंप आणि टाकी वेगळी. माझ्या ताईनं मजुरीचा रकाना उघडायच्या आतच त्यांनी पेन ठेवलं. त्यांनी आता कडबाकुट्टीसाठी अर्ज केलाय. त्यालाही अनुदान आहेच. त्याचा हिशोब त्यांनी लिहावा.